प्रयोग क्रमांक १४

१५ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळी साडेपाच. आमच्या नाटकाचा चौदावा प्रयोग होता. तिकिटं बऱ्यापैकी गेली होती, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या संस्थेच्या मानाने बऱ्यापैकी, आणि सेट शनिवारीच टेम्पोत चढवून ठेवलेला कारण रविवारी थिएटर लवकर ताब्यात मिळणार होतं. तर तो टेम्पो निघालाच नाही. थिएटर बंद म्हणून फोन आला, महिनाअखेरपर्यंत बंद म्हणे, आणि आम्ही सगळ्यांनी अगदी शहाण्यासारखं ठरवलं की कशाला उगाच उतरवायचा सेट, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, राहू दे टेम्पोत.

दोन आठवडे!

मी या संस्थेत स्टेजवर जात नाही. मी बॅकस्टेज बघते. प्रॉपर्टी, कपडेपट, कोण कुठल्या विंगेतून कधी जाणार, चहा कधी येणार, पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी हे. त्यामुळे लॉकडाऊनमध्ये माझ्या घरची चूल बंद पडली नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पुढे जे लिहिणारे ते फार शूर वगैरे वाटेल.

पहिल्या महिन्यात ग्रुपवर नुसता उत्साह. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन, सगळे घरात कोंडलेले, आणि सकाळपासून शुभेच्छांचा पाऊस. त्यातच तो मेसेज, तुम्हालाही आला असेलच, की शेक्सपियरने प्लेगच्या साथीत किंग लिअर लिहिलं, तुम्ही काय करताय? मला हा मेसेज इतक्या जणांनी पाठवला की शेवटी मी वैतागून त्या काळाबद्दल वाचत बसले. लिहिलंही असेल हो त्याने, १६०६ ला लंडनमधली थिएटरं प्लेगमुळे बंद होती हे खरंच आहे. पण त्याच्या आधीच्या साथीत, १५९३ ला, पेम्ब्रोक्स मेन नावाच्या नाटक मंडळींचं काय झालं ते कोणी फॉरवर्ड करत नाही. लंडन बंद म्हणून ते दौऱ्यावर गेले, दौऱ्याचा खर्चही निघेना, परत आले आणि नाटकाचे कपडे गहाण टाकावे लागले. हे त्या वेळच्या एका थिएटर मालकाच्या पत्रात आहे. कपडे! ज्याने कपडेपट सांभाळलाय त्यालाच कळेल की कपडे गहाण टाकणं म्हणजे काय, म्हणजे आता प्रयोग होणार नाही हे स्वतःच्या हाताने लिहून देणं. तर साथीत लिअर एकाच्या हातून लिहिलं जातं आणि बाकीच्यांचे कपडे गहाण पडतात. मी हे ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले आणि एकाने लिहिलं, निगेटिव्ह नको ना बोलूस.

निगेटिव्ह नव्हते बोलत मी. मी आमच्या लाईटवाल्या काकांबद्दल बोलत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाटकात बॅकस्टेजवाल्याला पगार नसतो, नाईट असते. प्रयोग झाला तर नाईट मिळते, नाही झाला तर नाही. सेट लावणारे, लाईटवाले, मेकअपवाले, कपड्यांना इस्त्री करणारे, बुकिंगला बसणारे, दारावर तिकीट फाडणारे, सगळ्यांचं हेच. कुणाचाच मालक नाही त्यामुळे कुणीच जबाबदार नाही. मुंबई-पुण्यातल्या काही निर्मात्यांनी आणि कलाकारांनी आपापल्या टीमला पैसे पोचवले, ते चांगलंच केलं, पण आमच्यासारख्या संस्थांमधले काका चार संस्थांचे लाईट करतात म्हणजे चारातल्या कुणाचेच नाहीत. एप्रिलच्या मध्यावर काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या आईची चौकशी केली, मग म्हणाले, "ताई, ते डिमरचे बोर्ड गोडाऊनमध्येच आहेत ना, उंदीर वायरी खातात हां." (डिमर म्हणजे लाईट कमीजास्त करायचे बोर्ड.) मी म्हटलं हो काका बघते. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की काकांनी डिमरसाठी फोन केलाच नव्हता.

मग आम्ही रेशनचं सुरू केलं. डाळ तांदूळ तेल साखर चहा, दर महिन्याला, आठ घरं. आणि तिथे आमच्यात पहिलं मोठं भांडण झालं ते फोटोवरून. काहीजणांचं म्हणणं की फोटो टाकले तर अजून लोक पैसे देतील, आणि ते खोटं नव्हतं, देतातच. पण काका पिशवी घ्यायला आले तेव्हा फोन वर झालेला बघून त्यांनी मास्क अजून वर ओढला, अगदी डोळ्यांपर्यंत, आणि तसेच उभे राहिले. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर लाईट टाकणारा माणूस. मी म्हटलं फोटो बंद. त्यावरून दोघं ग्रुप सोडून गेले, एक परत आला, एक नाही आला. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते, पण पैसे कमी जमले हेही खरं.

(एक विषयांतर. आपण नाटक नाटक करतो पण त्या वर्षी तमाशावाल्यांचं जे झालं ते आठवलं की पोटात गोळा येतो. त्यांच्या सुपाऱ्या गुढीपाडव्याच्या आसपास ठरतात, नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेसाठी फड ठरवायला तिथे येतात, आणि पुढच्या दीडदोन महिन्यांच्या जत्रांवर वर्षाचं गणित. २०२० चा पाडवा कधी होता? २५ मार्च. देशभर लॉकडाऊनचा पहिला दिवस. आमचा एक प्रयोग गेला म्हणून आम्ही रडत होतो, त्यांचं अख्खं वर्ष एका तारखेला गेलं.)

बरं, आशा. या सगळ्यात आशा टिकवायची कशी यावर त्या काळात इतकी वेबिनारं झाली की विचारू नका, मी चार ऐकली, चारही ठिकाणी कोणीतरी म्हणालंच की "शो मस्ट गो ऑन" आणि मग ती बालगंधर्वांची गोष्ट. १२ मार्च १९११, मानापमानचा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि ते तरीही उभे राहिले. मी लहानपणापासून ऐकतेय ही गोष्ट आणि दरवेळी सांगणाऱ्याचा गळा भरून येतो. पण मार्च २०२० नंतर ती ऐकताना मला काहीतरी खटकायला लागलं. एक तर शो चालू ठेवायचा की नाही हे आमच्या हातातच नव्हतं, सरकारनेच बंद केलेला आणि बंद करणंच बरोबर होतं, बंद हॉलमध्ये पाचशे माणसं कोंडून हसवायची म्हणजे त्या रोगाला आमंत्रणच. आणि दुसरं म्हणजे ही गोष्ट नेहमी नाईटवाल्यालाच का सांगायची? स्वतःच्या दुःखात उभं राहणं हा ज्याचा त्याचा निर्णय, तो दुसऱ्यावर नियम म्हणून कसा लादता येईल.

मला त्यापेक्षा मानापमानचीच दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. ८ जुलै १९२१, मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन मालक, एकमेकांचे तगडे प्रतिस्पर्धी, आणि एका प्रयोगासाठी एका स्टेजवर, एक भामिनी एक धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. गाण्याबद्दल सगळे लिहितात, पण मला कायम उत्सुकता वाटते की त्या दिवशी दोन कंपन्यांच्या बॅकस्टेजवाल्यांनी एकमेकांशी कसं जमवून घेतलं असेल. कुणाच्या माणसाने पडदा ओढला? हार्मोनियम कुणाची?

हे आठवायचं कारण म्हणजे गोडाऊन. जूनमध्ये सरकारचं निर्बंध सैल करायचं मिशन बिगिन अगेन सुरू झालं, जरा बाहेर पडता यायला लागलं, आणि टेम्पोवाला म्हणाला आता उतरवा तुमचा संसार, मला गाडी पाहिजे. उतरवायचा कुठे तर गोडाऊनमध्ये आणि गोडाऊनचं भाडं तीन महिने थकलेलं. तेव्हा आमच्याकडे फोन आला तो अशा संस्थेतून, जिच्याशी आमचं दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी भांडण होतं, निकालानंतर तर बोलणंच बंद असतं. त्यांचं गोडाऊन त्यांना सोडावं लागलेलं. मग ठरलं की अर्धं भाडं त्यांचं अर्धं आमचं आणि सेट एकावर एक. त्यांच्या वाड्याच्या सेटवर आमचा वन बीएचके. आम्ही तिथे कुलपाच्या दोन चाव्या केल्या आणि एक वही ठेवली, कोण आलं, काय उघडलं, काय तपासलं ते लिहायचं.

ती वही माझ्याकडे आहे अजून. त्यात काहीही भारी नाहीये. "विंगा उन्हात घातल्या. एकीला भोक, रफू." "मिशा ३ खराब, गम वाळला." "फ्लॅट नं. ४ प्लाय फुगला, पावसाचं पाणी." (फ्लॅट म्हणजे सेटची भिंत.) "तुमच्या पैठण्यांना पण डांबराच्या गोळ्या टाकल्या, राग मानू नये." हे शेवटचं त्यांच्या कपडेपटातल्या मावशींनी लिहिलंय. आठवड्यातून एकदा कोणीतरी जायचंच असं ठरलं आणि जवळजवळ वर्षभर ते चाललं, भर पावसात पण. प्रयोग कधी होणार कुणालाच माहीत नाही, होणार का हेही माहीत नाही, पण उद्या समजा फोन आला की परवा थिएटर मिळतंय तर आपल्याकडे शालू फाटलेला नको, मिशी चिकटली पाहिजे, दार उघडलं तर उघडलं पाहिजे. मला कोणी विचारलं ना की तेव्हा आशा कशी टिकवली तर मी डांबराच्या गोळ्या म्हणते आणि लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय.

ऑनलाईन नाटकही केलं आम्ही, एकदाच. त्याबद्दल कमी बोललेलं बरं. विनोद झाला की पुढे नुसती शांतता, कारण सगळे म्यूटवर, आणि पंधरा सेकंदांनी चॅटमध्ये हसण्याचे चेहरे. आमची मुख्य नटी म्हणाली विहिरीत बोलल्यासारखं वाटतं, विहिरीतून निदान आवाज तरी परत येतो.

पण एक गोष्ट जमली ती म्हणजे रात्री नऊच्या लाईनी. ते सुरू झालं आमच्या आजोबांमुळे, म्हणजे नाटकातले आजोबा, तसे खरेही आजोबाच, सत्तरी ओलांडलेले. त्यांना धसका बसला की बंद राहिलो तर मी विसरणार. त्यांनी एकेकाला फोन करून लाईनी म्हणायला सुरुवात केली, तुम्ही समोरचं म्हणा मी माझं म्हणतो. मग आम्ही म्हटलं सगळेच एकदम म्हणूया. तेव्हा व्हॉट्सअपच्या ग्रुप कॉलवर चारच जण यायचे आणि आमच्या नाटकात सात पात्रं, त्यामुळे सीन वाटून घ्यायला लागायचे, या अंकात तू बाहेर, आता तू आत ये. एप्रिलच्या शेवटी ते आठ झाले आणि आमच्याकडे असा जल्लोष झाला की जसं काही थिएटरच उघडलं. सात पात्रं आणि आठवी मी, प्रॉम्प्टर! अभिनय करायचा नाही, सपाट म्हणायचं, भाजी निवडत, भांडी घासत, कुणाच्या घरात बाळ रडतंय, कुणाच्या कुकरची शिट्टी नेमकी पॉजच्या जागी. रोज नाही जमायचं, पण आठवड्यातून तीनदा तरी. आजोबांच्या घरी त्यांच्या बायकोलाही नाटक पाठ झालं आणि एकदा ते अडकले तर माझ्याआधी मागून काकूंनीच पुढची लाईन दिली.

५ नोव्हेंबर २०२० ला नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. तारीख कुणी मुद्दाम निवडली की योगायोग माहीत नाही पण ५ नोव्हेंबर म्हणजे मराठी रंगभूमी दिन, १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं तो दिवस. सगळे भावुक झाले, आम्हीही झालो, आणि मग कॅल्क्युलेटर काढला. निम्म्या खुर्च्या, भाडं मात्र कमी होईल की नाही नक्की नाही, सॅनिटायझेशनचा खर्च वेगळा. सगळ्या निम्म्या खुर्च्या विकल्या तरी खिशातून घालावे लागणार. सर, म्हणजे आमचे दिग्दर्शक, म्हणाले फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबू, तोवर शंभर टक्के होईल. थांबलो. आणि एप्रिल २०२१ मध्ये परत सगळं बंद.

खरं सांगू, पहिल्या बंदला आम्ही पुरून उरलो पण या दुसऱ्या बंदने मोडलं. कारण तेव्हा फोन यायचे ते बेडचे, ऑक्सिजनचे, इंजेक्शनचे. ग्रुपचं नाव नाटकाचं आणि आत सगळं कोणतं हॉस्पिटल कुठला नंबर. लाईनी बंद पडल्या, कुणालाच सुचत नव्हतं, आणि वहीत एप्रिल-मे महिन्यांची पानं कोरी आहेत. त्या दिवसांबद्दल मला एवढंच लिहिता येतंय. जूनमध्ये मी एकटी गोडाऊनला गेले तर वहीत माझ्या आधीच एक नोंद, मावशींची, "सगळे ठीक आहात ना. पैठण्या ठीक आहेत."

ऑगस्टमध्ये, ९ तारखेला, क्रांतिदिनी, रंगकर्मी आंदोलनाला उतरले राज्यात ठिकठिकाणी, की बाकी सगळं उघडताय तर आमचं काय. आमच्यातले दोघं गेले होते. लोकांनी तोंड वाकडं केलं, आत्ता नाटक सुचतंय यांना म्हणून. त्यांना नाटक सुचत नव्हतं हो, नाईट सुचत होती.

आणि काका? काकांनी २०२० च्या दिवाळीनंतरच भाजीची गाडी लावली होती. आधी मला बोलले नाहीत, मला दुसऱ्याकडून कळलं, मी भेटायला गेले तर म्हणाले, "ताई, हे बरं आहे, रोजचं रोज पैसे मिळतात." चेहऱ्यावर अजिबात दुःख वगैरे नव्हतं, ते मीच घेऊन गेले होते बरोबर. मी विचारलं थिएटर उघडल्यावर याल ना, तर म्हणाले रविवारी गिऱ्हाईक जास्त असतं. ही गोष्ट आशावादी लोकांना आवडत नाही. पण असे किती गेले, कोणी सिक्युरिटीत लागलं, कोणी गावाला गेलं ते गेलंच, आणि त्यांना परत या म्हणायचा आम्हाला काय हक्क आहे, नाईट वाढवून देणार आहोत का आपण?

तरी काकांनी एक केलं. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा, कॉलेजातला, चहा आणणारा, त्याला त्यांनी लाईट शिकवला. गाडीवर. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तो क्यूशीट, म्हणजे कुठल्या जागी लाईट कसा बदलायचा त्याची यादी, घेऊन जायचा आणि काका हातात पाण्याचा फवारा घेऊन भाजीवर मारता मारता सांगायचे, हा फेड हळू, सहा मोजायचे, सहा म्हणजे सहा, घाबरून चारला संपवायचा नाही. हा ब्लॅकआऊट मात्र कच्चकन. पोरगा घरी येऊन पंख्याच्या रेग्युलेटरवर प्रॅक्टिस करायचा, त्याची आई वैतागली होती.

२२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडलं, परत निम्म्या खुर्च्या. या वेळी कोणी कॅल्क्युलेटर काढला नाही, म्हणजे मी काढला होता पण बॅगेतच ठेवला. डिसेंबरची एक तारीख मिळाली, तीही रविवार. मग धावपळ. सगळ्यांचे कपडे घट्ट झालेले, शालू सोडून, शालूला माप नसतं. आजोबांचा कोट मात्र सैल झाला, त्यांना कोरोना होऊन गेला होता मे महिन्यात, आत दोन टाके घातले. आणि वाद झाला की बोर्डावर काय लिहायचं. सर म्हणाले नव्याने सुरुवात करतोय तर शुभारंभाचा प्रयोग लिहू, लोक येतात शुभारंभाला. आजोबा म्हणाले अजिबात नाही, तेरा झालेत, चौदावा आहे, चौदा लिहा. चौदा लिहिलं.

एक सोडून एक खुर्चीवर रिबीन बांधायचं काम माझ्याकडे आलं. दीड तास लागला. नारळ फोडला, तिसरी घंटा दिली, "रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून" हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा विंगेतून ऐकलंय की त्याकडे लक्षच नसतं, त्या दिवशी पहिल्या तीन शब्दांनंतर घोषणा करणाऱ्याचा आवाज अडकला, आणि अंधारात बाहेरून टाळ्या आल्या, नाटक सुरूही झालेलं नसताना. प्रेक्षक सगळे मास्कमध्ये. हसणं दिसायचंच नाही, नुसते खांदे हलायचे, आवाज कापडातून गाळून आल्यासारखा, पण आमची नटी नंतर म्हणाली विहिरीपेक्षा शंभर पटीने बरं.

काकांना पास दिला होता. येतील असं वाटलं नव्हतं. आले, शेवटच्या ओळीत, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मी विंगेतून बघत होते तर ते स्टेजकडे बघतच नव्हते, वर बघत होते, स्पॉटकडे. मध्यंतरात थेट आत आले. पोराने पाया पडायला वाकायच्या आधीच म्हणाले, "सतरावा क्यू उशिरा गेला."

पोरगा म्हणाला, "काका, सहा मोजले मी."

"आठ मोजलेस. मी पण मोजत होतो." मग बोर्डाकडे गेले, एका स्लायडरवर बोट फिरवून बघितलं, धूळ नव्हती. दुसऱ्या अंकाची घंटा द्यायला मी निघाले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "ताई, पंधरावा कधी आहे?"

मी म्हटलं, "अजून ठरला नाही काका. बहुतेक रविवारच असेल."

"रविवार नको," म्हणाले, "मंगळवारी भाजीमार्केट बंद असतं."